तीर आणि नाव यांमधील दोन पावले

बुऱ्हाणपूरचा राजघाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तापीचे ते पात्र विसरता येणार नाही. अलीकडे घाटाच्या दगडी पायऱ्या आणि शाही किल्ल्याच्या भिंती, पलीकडे जैनाबाद. १६३१ साली मुमताजमहलचे निधन याच नगरात झाले आणि आग्र्यास नेण्यापूर्वी तिचा देह काही महिने पैलतीरीच्या बागेत विसावला होता. ती जागा पाहावी, म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही आमच्या धर्मग्रामातील चार कुटुंबांसमवेत घाटावर गेलो. या सहलीचा आग्रह एका सत्तरी उलटलेल्या आजीबाईंचा होता. सारा जन्म या गावात गेला, परंतु नदीपलीकडचा आहुखाना त्यांनी कधी पाहिला नव्हता.

नाव लागली. घाटाच्या पायरीवरून नावेच्या काठावर एक अरुंद फळी टाकलेली होती. मुले उड्या मारीत गेली, तरुण मंडळी हात पसरून तोल सांभाळीत गेली. आजींनी एक पाऊल टाकले, फळी मध्येच लवली आणि त्यांनी पाय मागे घेतला. “तुम्ही या जाऊन, फादर. मी इथंच बसते,” त्या म्हणाल्या. आम्ही गेलो, परतलो आणि पाहिलेले सारे त्यांना सांगितले. परंतु सांगणे म्हणजे दाखविणे नव्हे. नदी ओलांडणे त्यांना अवघड नव्हते, अवघड होती ती पहिली दोन पावले.

वाचकहो, ही अडचण एकट्या राजघाटाची नाही. कोकणात आगबोटी चालत त्या काळी कित्येक बंदरांत धक्काच नव्हता. उतारूंना पडावातून आगबोटीपर्यंत जावे लागे आणि हलत्या पडावातून हलत्या बोटीवर चढताना भल्याभल्यांची तारांबळ उडे. प्रवासातील खरी भीती बहुधा मध्यप्रवाहात नसून काठाशीच असते. मग स्वस्तात चांगली फळी करता येईल काय? आम्ही एका जाणत्या सुतारास विचारले, थोडे गणित केले आणि जे उमगले ते येथे देत आहोत.

प्रथम चढ पाहावा. समुद्रावरील जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात अशा फळीचा कल सर्वसाधारणपणे ३० अंशांहून अधिक नसावा, असे सांगितले आहे. ८ फुटांच्या फळीचे एक टोक दुसऱ्याहून ४ फूट उंच झाले की ३० अंश भरतात. ही मर्यादा धडधाकट खलाशाची झाली. वृद्धांसाठी ८ फुटांस २ फुटांहून अधिक चढ नको. चाकाच्या खुर्चीसाठी सार्वजनिक इमारतींत १ फूट उंचीस १२ फूट लांबी धरतात. त्या हिशेबाने २ फुटांना २४ फूट लागतील. तेवढे नावाड्याला झेपणार नाही. अशा वेळी जेथे पायरी आणि नावेचा काठ जवळजवळ समपातळीत येतात, तेथेच नाव लावणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट लाकडाची. लोक स्वस्त म्हणून पातळ फळी घेतात आणि तेथेच फसतात. फळीची जाडी दुप्पट केली, तर तिची ताकद चौपट होते आणि तिचे लवणे आठपटीने कमी होते. म्हणून लाकूड आडवे न टाकता उभ्या धारेवर वापरावे. दीड इंच रुंद व ४ इंच उंच असे सागाचे दोन दांडे ८ फूट लांबीचे घ्यावेत, ते दीड फूट अंतरावर समांतर ठेवावेत आणि त्यांवर एक इंच जाडीच्या आडव्या पट्ट्या थोडी थोडी फट सोडून बोल्टने घट्ट बसवाव्यात. तेवढ्याच रुंदीची दोन इंची सलग सागवानी फळी सुमारे ४० किलो भरेल; हा सांगाडा २५ किलोंच्या आसपास भरतो आणि लवतोही कमी. दोन माणसे तो सहज उचलतात. जुन्या घराच्या मोडलेल्या चौकटींचा साग मिळाला तर खर्च आणखी उतरतो. मात्र दांड्याच्या मध्यभागी, खालच्या अंगास गाठ किंवा चीर नसावी. मोडणारे लाकूड तेथूनच मोडते.

तिसरी गोष्ट बांधणीची. नावेकडील टोकास लोखंडी आकडे लावून ते काठात अडकवावेत. तीराकडील टोक मोकळे ठेवावे, म्हणजे नाव हलली तरी ते पायरीवर सरकेल, निसटणार नाही. त्या टोकाखाली दोन लहान चाके बसविल्यास उत्तम. टोक टेकूच्या पुढे लांबवर काढू नये, कारण त्यावर पाय पडताच फळी तराजूसारखी उलटते. नाव पुढून व मागून अशा दोन दोरांनी बांधलेली असावी. एका बाजूस उभे बांबू रोवून कमरेच्या उंचीवर दोर ताणावा. पट्ट्यांना अळशीचे तेल पाजावे किंवा रंग द्यावा आणि ओल्या रंगावर बारीक वाळू भुरभुरावी, म्हणजे पाय घसरत नाही. नावेत उतरणारे पाऊल काठावर नव्हे, तर मध्यभागी पडेल अशी एक आतली पायरी ठेवावी.

हे सर्व झाल्यावरही विश्वास एकदम टाकू नये. दोन्ही टोके विटांवर टेकवून मध्यभागी वाळूची २०० किलोंची पोती एक रात्र ठेवावीत. सकाळी पोती काढताच सांगाडा सरळ झाला, कोठे चीर दिसली नाही, तरच तो नदीवर न्यावा. त्यानंतरही एका वेळी एकानेच चढावे.

नावाड्याला आम्ही दोष देत नाही. दिवसभर वल्हे मारून त्याच्या हाती पडते ते थोडेच. त्याची फळी त्याच्या स्वतःच्या पायांना पुरेशी होती. पण जी वाट सर्वांसाठी करावयाची, तिचे माप बळकट पायांवरून घेऊन चालत नाही, सर्वांत दुबळ्या पायांवरून घ्यावे लागते. चार घरांनी मिळून जुने लाकूड दिले, सुताराने दोन दिवस खपून सांगाडा केला आणि नावाड्याने तो आपल्या नावेचाच मानला.

पाणी उतरल्यावर आम्ही पुन्हा घाटावर गेलो. आजींनी दोर धरला, थांबल्या, खाली पाण्याकडे एकदा पाहिले आणि चार पावलांत नावेत जाऊन बसल्या. पैलतीरी त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. परतताना मात्र त्यांनी शेजारणीला एवढेच सांगितले, “पुढच्या खेपेस तूही ये. फळी हलत नाही.”