हॉटेलात ‘तेल कमी’ कोण करणार? नियम कुठवर, गिऱ्हाईक कुठवर

बेळगाव : खडेबाजारातला नाष्टा असो की निपाणीजवळ हायवेवरचं जेवण, बाहेर खाणं आता सणावारापुरतं राहिलेलं नाही. घरी शुगर-बीपीची गोळी घेणारा माणूस हॉटेलात बसला की समोर येईल ते खातो. मेनूकार्डावर त्याच्यासाठी वेगळं काही क्वचितच असतं.

कायदा काय सांगतो?
पदार्थासमोर कॅलरी लिहिण्याची सक्ती एफएसएसएआयच्या 2020 च्या नियमांत आहे. पण ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना. आपल्याकडची खानावळ, चहा-नाष्ट्याचं हॉटेल, गाडा त्यात येत नाही.

काही नियम मात्र सर्वांनाच लागू आहेत. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात तयार होणारे ‘पोलर’ घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही. तेल-वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा 2022 पासून 2 टक्के आहे. कर्नाटक सरकारने मार्च 2024 मध्ये गोबी मंच्युरियनमधल्या आणि जूनमध्ये कबाबमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. त्यामुळे कोगनोळी नाक्याच्या अलीकडे लालभडक प्लेट समोर आली, तर “रंग कसला?” असं विचारायला संकोच नको.

मालकाचं गणित
चव बदलली तर गिऱ्हाईक तुटेल, ही मालकांची भीती खोटी नाही. म्हणून चव न बदलता सुरुवात करता येते. मिसळीचा कट वेगळ्या वाटीत द्यायचा. ज्याला हवा तो ओतून घेईल. पापड-लोणचं मागितल्यावरच वाढायचं. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात खर्च वाढत नाही, उलट तेल वाचतं.

ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, काकडी-मुळा, ताक हे तर आपल्या खानावळीतलंच जेवण. भाकरी थापायला हात आणि वेळ लागतो, त्याचा दर चपातीपेक्षा चार पैसे जास्त असला तर गिऱ्हाइकानेही कुरकुर करू नये.

मालक रोजच्या ऑर्डरी बघून सामान भरतो. चार टेबलांवरून रोज “मालक, भाकरी आहे काय? तेल जरा कमी घाला” असं कानावर आलं, की कार्डावर ती ओळ यायला सरकारी आदेश लागणार नाही.