दीडशे रुपयांची जोडी, चाळीस हजारांचा साचा

आपल्या समाजातील अनेक जुन्या पेढ्यांच्या गोदामात, पोत्यांच्या थप्पीमागे ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जावा किंवा येझदी आजही सापडते. आजोबांनी ती रोखीने घेतलेली असते आणि वसुलीसाठी गावोगाव फिरवलेली असते. पुढे मोपेड आली, मग चारचाकी आली, आणि ही गाडी मागे राहिली. आता नातवाला ती पुन्हा रस्त्यावर आणावीशी वाटते. इंजिनाचे काम जाणणारा मिस्त्री मिळतो. टाकीला क्रोम चढते, रंगही होतो. घोडे अडते ते शेवटी एका क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूपाशी. पायाखालचे फूटरेस्टचे रबर, टाकीच्या दोन बाजूंचे गुडघ्याचे पॅड, कार्ब्युरेटरची नळी, केबल जिथून आत जाते तिथला ग्रोमेट या वस्तू सहजासहजी मिळत नाहीत.

असे का होते, हे समजण्यासाठी या गाड्यांचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. जावा हे नाव चेकोस्लोव्हाकियातील. 1929 मध्ये यानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून ते तयार झाले. रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी म्हैसूर येथे आयडियल जावा ही कंपनी उभी केली आणि 1961 मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. पुढे याच कारखान्याच्या गाड्या येझदी या नावाने निघू लागल्या. 1996 मध्ये कारखान्याला टाळे लागले. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी ही नावे बाजारात परतली खरी, परंतु त्या गाड्या चार-स्ट्रोक इंजिनाच्या, सर्वस्वी नव्या. त्यांचा एखादा भाग जुन्या गाडीला बसेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. राजदूतचेही तसेच. ‘बॉबी’ चित्रपटातून घराघरांत पोहोचलेली छोटी राजदूत असो की 1983 पासून एस्कॉर्ट्सने येथे बनवलेली यामाहाची 350 असो, त्यांच्या मूळ सुट्या भागांचा पुरवठा कधीच आटला आहे.

बुलेटची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. इंग्लंडमधील मूळ कारखाना बंद पडला, पण 1955 पासून मद्रासमध्ये ती बनतच राहिली. त्यामुळे तिचे रबरी भाग साध्या दुकानातही मिळतात आणि येथून इंग्लंडलाही जातात. उत्पादनात खंड पडला नाही की सुट्या भागांचा बाजार आपोआप जिवंत राहतो. खंड पडला की तो बाजार कोणीतरी जाणीवपूर्वक उभा करावा लागतो.

लोखंड गंजले तरी घासून काढता येते, घासलेल्या शाफ्टवर पुन्हा धातू चढवता येतो. रबराला असा दुसरा जन्म नाही. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे त्याच्या लांब साखळ्या तुटतात, त्यावर बारीक भेगा पडतात आणि ते कडक होते. तेल लागले तर साधे रबर फुगून लिबलिबीत होते. ही केवळ सौंदर्याची बाब असती तर गोष्ट वेगळी. जावा, येझदी, राजदूत ही दोन-स्ट्रोक इंजिने आहेत. त्यांत पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये येते, तेथे दाबले जाते आणि मग वर जाते. क्रँकशाफ्टच्या टोकाचे ऑइल सील कडक होऊन गळू लागले किंवा कार्ब्युरेटरची रबरी नळी तडकली, तर बाहेरची हवा आत शिरते. मिश्रण विरळ होते. या इंजिनात पिस्टनला मिळणारे वंगण त्या पेट्रोलबरोबरच येत असल्यामुळे इंजिन तापते आणि पिस्टन चिकटतो. चार पैशांच्या रबरापायी सिलिंडर बोअरिंगला जातो. मागच्या चाकातील धक्का शोषणारी रबरे झिजली की प्रत्येक गिअरला साखळीला हिसका बसतो. हँडलवरच्या रबरी मुठी सैल झाल्या तर ऐन वळणावर मूठच हातात यायची.

या क्षेत्रात नवख्या माणसाची एक फसगत हमखास होते. जुन्या दुकानात, सीलबंद पिशवीत, त्या काळची किंमत छापलेला ‘ओरिजिनल’ भाग सापडला की त्याला घबाड सापडल्यासारखे वाटते. पितळी जेट असेल तर आनंद रास्त आहे. रबर असेल तर तो माल वापरलेला नसला तरी चाळीस वर्षे म्हातारा झालेला असतो. पिशवीत पडून राहूनही तो कडक होतो. संग्रहाच्या कपाटात त्याची शोभा आहे, इंजिनात त्याला जागा नाही. अशा वेळी नव्याने बनवलेला चांगला भाग मूळ भागापेक्षा सरस ठरतो. जुन्या वस्तूंच्या व्यापारात असे उदाहरण विरळाच.

नवा भाग बनतो कसा? कच्चे रबर नुसते वितळवून ओतता येत नाही. चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये शोधलेली व्हल्कनायझेशनची प्रक्रिया आजही तीच आहे. रबरात गंधक, झिंक ऑक्साईड, स्टिअरिक आम्ल, काजळी आणि प्रक्रिया वेगाने व्हावी म्हणून काही रसायने दोन रुळांच्या गिरणीत मळतात. कणकेसारख्या या गोळ्याला कारखान्यात ‘कंपाउंड’ म्हणतात. त्याचे मोजून कापलेले तुकडे तापलेल्या पोलादी साच्यात ठेवून प्रेसखाली दाबतात. साधारण 150 ते 160 अंश सेल्सियस तापमानात, भागाच्या जाडीनुसार काही मिनिटांत, गंधकाचे पूल साखळ्यांना जोडतात आणि मऊ गोळ्याचे लवचीक रबर होते. कडेला बाहेर आलेली पातळ झालर कापली की भाग तयार.

नैसर्गिक रबर बहुतांशी केरळातून येते. आपल्याकडे दोडामार्ग परिसरातही रबराच्या बागा आहेत. फूटरेस्टला किंवा धक्का शोषणाऱ्या तुकड्याला हे रबर उत्तम. मात्र जेथे पेट्रोल-तेलाचा संबंध आहे तेथे नायट्राइल हवे, आणि जेथे ऊन-पावसाचा मारा आहे पण तेल नाही तेथे ईपीडीएम टिकते. 2023 पासून देशात 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळू लागल्यावर यात एक नवी अडचण आली. इथेनॉल जुन्या प्रकारच्या काही रबरांना फुगवते आणि हवेतील ओलही ओढून घेते. म्हणून इंधनमार्गातल्या सील-वॉशरसाठी जाणकार आता महागडे फ्लोरो-रबर मागतात. मुळाबरहुकूम नक्कल करणे येथे चूकच ठरेल. आकार जुना ठेवावा, पदार्थ आजचा घ्यावा.

याच ठिकाणी आपल्या समाजाने विचारावा असा एक प्रश्न आहे. स्टिअरिक आम्ल प्राण्यांच्या चरबीपासूनही बनते आणि पामतेलासारख्या वनस्पतिजन्य तेलापासूनही. तयार रबराकडे पाहून हा फरक कळत नाही. कंपाउंड बनवून घेणाऱ्याने मात्र आधीच विचारून वनस्पतिजन्य आम्लाची अट घालता येते आणि पुरवठादाराकडून तसे लेखी घेता येते. चामड्याचा व्यापार न करणाऱ्या घराण्यांनी रबराचा व्यापार निःशंकपणे केला, कारण रबर झाडाचा चीक आहे. हा एक घटक तेवढा नजरेतून सुटून गेला.

खरी कसोटी लागते ती साच्याच्या मापात. नमुना म्हणून हाती असतो तो झिजलेला, आक्रसलेला किंवा फुगलेला जुना तुकडा. त्याचेच माप जसेच्या तसे घेतले तर चूकही जशीच्या तशी छापली जाते. म्हणून अनुभवी कारागीर तीन-चार नमुने ताडून पाहतो आणि रबर जिथे बसते त्या धातूच्या खोबणीचे माप घेतो, कारण धातूने आकार सोडलेला नसतो. शिवाय साच्यातून काढल्यावर रबर थंड होताना पोलादापेक्षा कितीतरी अधिक आक्रसते. हे प्रमाण दोन टक्के धरले, तर 100 मिलिमीटरच्या भागासाठी साच्याची पोकळी सुमारे 102 मिलिमीटरची ठेवावी लागते. त्यानंतर कडकपणा पाहावा लागतो. तो ‘शोअर ए’ या मापाने मोजतात. फूटरेस्टचे रबर 60 ते 70 च्या घरात असले तर पायाला बरे वाटते. ते 85 झाले तर इंजिनाची सारी थरथर पोटरीत चढते, आणि 40 झाले तर महिन्यात फाटते. बाजारात मिळणारे स्वस्त भाग दिसायला हुबेहूब असतात. त्यांची फसवणूक बहुधा याच दोन आकड्यांत दडलेली असते.

आता हिशेबाकडे वळू. समजा, फूटरेस्टच्या एका जोडीचा पोलादी साचा 40,000 रुपयांना पडला. कंपाउंड आणि मजुरी मिळून जोडीमागे 70 रुपये खर्च येतो आणि दुकानदाराला ती 150 रुपयांना देता येते. म्हणजे जोडीमागे 80 रुपये सुटतात आणि 500 जोड्या विकल्यावर साचा फिटतो. कागदावर हे सोपे दिसते. पण प्रेसवाला शंभर जोड्यांसाठी गिरणी आणि प्रेस तापवायला सहसा तयार नसतो. त्याने किमान 500 जोड्यांची अट घातली की आणखी 35,000 रुपये गुंतले. एकूण भांडवल 75,000. त्यावर दर साल दर शेकडा 11 या दराने वर्षाचे व्याज होते 8,250 रुपये. पहिल्या वर्षी 100 जोड्या खपल्या तर सुटतात 8,000. याचा अर्थ, माल विकला जातो आहे, ग्राहक दुवा देतो आहे आणि व्यापारी व्याजाइतकेही कमावत नाही. उरलेल्या 400 जोड्या गोदामात एक-एक दिवसाने म्हाताऱ्या होत असतात, ते वेगळेच.

मग हा व्यवसाय करणारे टिकतात कसे? एक म्हणजे, ज्या आकाराचा भाग अनेक मॉडेल्सना चालतो तोच ते आधी निवडतात. जावा आणि येझदीत असे बरेच भाग समान आहेत. दुसरे, ते मागणी आधी गोळा करतात. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचे मालक शहरोशहरी आपल्या गाड्या घेऊन एकत्र येतात. त्याच्या आधीचे दोन-तीन महिने हा हंगाम असतो, आणि अर्धी रक्कम आगाऊ घेऊन काढलेली ऑर्डर व्याजाचा भार निम्म्यावर आणते. ज्या भागाची जेमतेम वीस-पंचवीस नगांची मागणी आहे, त्यासाठी पोलादी साचा न करता सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन ओतून काम भागवतात. ते मूळ रबरासारखे टिकत नाही, हे ग्राहकाला सांगून द्यावे लागते.

इंग्लंडमधील व्हिन्सेंट या गाडीच्या मालकांनी याहून पुढचा मार्ग काढला. 1955 मध्ये ती गाडी बनणे थांबले. तिच्या मालकसंघाच्या सभासदांनी स्वतः भांडवल घालून सुट्या भागांची कंपनी स्थापली. भागधारकच ग्राहक असल्यामुळे नफा किती सुटला यापेक्षा भाग मिळाला की नाही याला तेथे महत्त्व आले. पतसंस्था आणि सहकारी बँका चालवण्याचा दांडगा अनुभव असलेल्या महाराष्ट्रात असा प्रयोग का होऊ नये, हे कोडेच आहे. पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांचा एवढा मोठा बाजार आहे, रबराचे प्रेस औद्योगिक वसाहतींत आहेत आणि गाड्यांचे मालकही जवळच आहेत.

एक व्यावहारिक गोष्ट येथेच नोंदवली पाहिजे. साचा व्यापाऱ्याच्या पैशाने बनतो आणि राहतो मात्र प्रेसवाल्याच्या कारखान्यात. लेखी करार नसेल तर त्याच साच्यातून निघालेला माल वर्षभरात शेजारच्या दुकानात कमी भावाने दिसू शकतो. साचा कोणाच्या मालकीचा, त्यावर कोणती खूण कोरायची, मागितल्यावर किती दिवसांत परत करायचा, एवढे तरी कागदावर असावे.

आणि अखेर नावाचा प्रश्न. जुन्या रबरांवर कंपनीचे नाव उठवलेले असे. ग्राहकाला तेच हवे असते आणि साच्यात ते कोरणे कारागिराला मुळीच अवघड नाही. ट्रेडमार्क कायदा 1999 यात एक सीमारेषा आहे. ‘अमुक गाडीला बसेल असा भाग’ एवढे सांगण्यापुरते नाव प्रामाणिकपणे वापरणे, हे उल्लंघन मानले जात नाही. भागावर कंपनीचेच चिन्ह छापून तो कंपनीचा असल्याचे भासवणे ही वेगळी गोष्ट. व्यापारी मंडळींना ही सीमा नवीन वाटू नये. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी मापे-वजने त्यांत आहेत, आणि त्याच पंक्तीत ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली त्यासारखी दिसणारी वस्तू देणे. नक्कल करणे हा तेथे दोष नाही. नक्कल अस्सल म्हणून खपवणे हा दोष आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात नव्या रबराला माती चोळून, पिवळ्या पडलेल्या पिशवीत घालून चौपट भावाने विकण्याचे प्रकार घडतात, म्हणून हे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

पिशवीवर चार ओळी छापायला फार खर्च येत नाही. नव्याने बनवलेला भाग, कोणत्या मॉडेलला बसतो, कोणत्या रबराचा आहे आणि कोणत्या महिन्यात बनला. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. ज्याच्या गोदामात 400 जोड्या उरल्या आहेत त्याला ती छापणे सर्वांत जड जाते, आणि ग्राहकाने दुकानात उभे राहून पहिल्यांदा तीच वाचावी.