बुरख्याच्या आतला ड्रेस

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एका घरी अकीका होता. बायकांची बैठक आतल्या खोलीत. पंखा एक आणि बायका पंचवीस-तीस. आल्या आल्या सगळ्यांनी बुरखे काढून पलंगावर ठेवले. आमच्यातली एक बहीण मात्र तशीच बसून राहिली. घरची बाई दोनदा म्हणाली, "बाजी, बुरखा काढून आरामात बसा ना, सगळ्या आपल्याच बायका आहेत." ती हसून म्हणाली, "नको, लगेच निघायचंय." मग तासभर घाम पुसत बसली.

खरे कारण तिने आम्हाला संध्याकाळी सांगितले. आत घरातला गाऊनच होता. पुढे हळदीचे डाग आणि काखेत उसवलेला. तिन्ही मुलांना तयार करता करता स्वतःचे कपडे बदलायचे राहून गेले. येताना तिच्या दहा वर्षांच्या मुलीने विचारले होते, "अम्मी, तुझ्याकडे चांगला ड्रेस नाही का?"

आम्ही आधी हसलो, मग गप्प झालो. कारण वरून बुरखा घालून तसेच निघणे आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. गाऊनवर ओढणी हा तर घरोघरच्या आयांचा गणवेशच झाला आहे. दूधवाला आला, ओढणी घ्या. शेजारीण आली, ओढणी घ्या. सकाळी घातलेला गाऊन रात्री झोपतानाही तोच.

त्या रविवारी आम्ही चौघींनी आपापली कपाटे उघडली. त्या बहिणीकडे चांगले 14 ड्रेस निघाले. त्यातले सहा लग्नांचे, जरी-टिकल्यांचे. तीन अंगाला घट्ट झालेले. दोनांची सलवार सापडेना. एकाचा रंग गेलेला. म्हणजे रोज घालण्याजोगे उरले दोन. बाकी तिघींचीही गत फार वेगळी नव्हती. कपडे कमी नव्हते, कामाचे कपडे कमी होते.

पाण्याच्या दिवसाचा हिशेब

आमच्या शहराला जायकवाडीचे पाणी येते, पण नळाला रोज येत नाही. मधे किती दिवस जातील त्यावर घरातले धुणे ठरते. म्हणून कपडे किती हवेत, हे आम्ही हौसेवर न ठरवता पाण्यावर ठरवले. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत निभावेल इतके: घरात घालायला पाच सुती ड्रेस, बाहेरचे दोन आणि नमाजेसाठी एक वेगळा जोड.

सलवारी तीनच ठेवल्या: काळी, पांढरट आणि तपकिरी. कुर्ते असे निवडले की कोणत्याही सलवारीवर चालावेत. सकाळी सातला डबे भरताना जोड शोधत बसावे लागत नाही. घरच्या ड्रेसला गडद रंग आणि बारीक छाप बरी. हळद-तेलाचा डाग चटकन दिसत नाही. नवे सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी एक रात्र भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात कुर्ता आखूड होतो. रंग जाणारे कापड पहिले दोन-तीन वेळा वेगळे धुवावे.

बाही, खिसा आणि ओढणी

आमचा दिवस पीठ मळणे, भांडी, मुलांना अंघोळ आणि पाच वेळची वजू यांत जातो. वजूला कोपरापर्यंत हात धुवावे लागतात. मनगटाशी घट्ट, बटणांची बाही दिसायला सुंदर, पण दिवसातून पाच वेळा ती वर सरकवताना जीव जातो. शिंप्याला सांगून बाही जरा सैल ठेवावी, कोपराच्या वर सहज जाईल इतकी. कुर्त्याला बाजूने एक खिसा शिवून घ्यावा. किल्ली, मोबाईल, बसचे सुटे पैसे त्यात राहतात. अंगावर पाजणाऱ्या आईने पुढून उघडणारा कुर्ता शिवावा.

शिफॉनची ओढणी डोक्यावरून सारखी घसरते आणि आरपार दिसते. घरात आणि नमाजेला सुती ओढणीच बरी. तान्ह्या बाळाच्या आईचे कपडे दिवसातून कितीदा नापाक होतात, हे सांगायला नको. नमाजेचा स्वच्छ जोड खुंटीवर टांगलेला असला की अजान झाल्यावर धावपळ होत नाही आणि नमाज पुढे ढकलली जात नाही.

बुरख्याचेही तेच. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. चमकदार, जाड कापडाचा बुरखा दुकानात छान वाटतो, पण शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभे राहिल्यावर त्याची खरी परीक्षा होते. हलका, बिनखड्यांचा, घेर बेताचा असा बुरखा घ्यावा. लांबी जमिनीपासून चार बोटे वर असावी, म्हणजे स्कूटीवर, रिक्षात चढताना पायात येत नाही. असे दोन असले की एक धुता येतो.

मशरूची शिकवण

आमचे शहर कापडाचे जाणते शहर आहे. इथल्या हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र विणतात. मशरूची गंमत त्याहून निराळी. त्यात ताणा रेशमाचा, बाणा सुताचा आणि वीण अशी की रेशीम वर दिसते, अंगाला सूत लागते. मशरू म्हणजे शरीयतने परवानगी दिलेले. पुरुषांना निव्वळ रेशीम मना आहे, म्हणून हे कापड त्यांना सोयीचे झाले, असे सांगतात. स्त्रियांना रेशीम मना नाही. तरी मशरूची गोष्ट आम्हाला आमचीच वाटते: अंगाला लागणारी बाजूही तितक्याच विचाराने विणलेली.

आमचे उलट झाले होते. वरची बाजू नीट आणि आतली कशीही. पवित्र कुरआनच्या सूरह आराफमध्ये पोशाख अंग झाकण्यासाठी आणि शोभेसाठीही दिल्याचे सांगितले आहे, आणि तक्वाचा पोशाख सर्वांत उत्तम म्हटला आहे. सादगी म्हणजे गबाळेपणा नव्हे. त्याच सूरहमध्ये उधळपट्टीलाही मनाई आहे.

यादीत आईचे नाव

आता पैशाचे. समजा, लग्नासाठी 4,000 रुपयांचा भरजरी ड्रेस घेतला आणि दोनदा घातला. एका वेळेचा खर्च 2,000 रुपये. शिलाईसह 900 रुपयांत पडलेला सुती ड्रेस 90 वेळा घातला. एका वेळेला 10 रुपये. तरी भरजरी घेताना आपण इतका विचार करत नाही, आणि रोजच्या कुर्त्यासाठी मात्र "माझं राहू दे, मुलांचं आधी" म्हणतो. ईदच्या खरेदीला शहागंज, सिटी चौक, गुलमंडी पालथे घालतो. मुलांचे, त्यांच्या अब्बांचे, नणंदेचे होते. चांदरातीला पिशवीत आईचे काहीच नसते.

घरातून कोणी नाही म्हणत नाही, हेही खरे. आपणच सांगत नाही. त्या बहिणीने यंदा रमजानच्या आधीच घरी सांगितले की मला रोजचे दोन ड्रेस शिवायचे आहेत. मुलांच्या अब्बांनी लगेच पैसे काढून दिले. वर म्हणाले, "आधी का नाही बोललीस?"

मध्यंतरी शेजारी एक छोटी दावत होती. ती आली, बुरखा काढून पलंगावर ठेवला. आत निळा सुती कुर्ता, खिशाचा. मुलगी जवळ येऊन बसली आणि तिने आईच्या खिशात हात घालून आपल्या क्लिपा ठेवून दिल्या.