विश्लेषण : साधी यादी उलटवताना आयफोनचा ब्राउझर का चुकला?

बँकेच्या व्यवहारांच्या यादीत सर्वांत ताजी नोंद वर दिसते, चॅटमध्ये ती सर्वांत खाली असते. यादी उलटवण्याचे हे काम वेबपेजवर जावास्क्रिप्ट भाषेतील ‘रिव्हर्स’ ही एका शब्दाची आज्ञा करते. सप्टेंबर २०१८ मध्ये ॲपलने आयओएस १२ आणले, तेव्हा सफारी ब्राउझरमध्ये नेमकी हीच आज्ञा बिघडली होती.

‘रिव्हर्स’ काय करते?

क्रमाने ठेवलेल्या मूल्यांच्या यादीला प्रोग्रामिंगमध्ये ‘ॲरे’ म्हणतात. १, २, ३, ४ या ॲरेवर ‘रिव्हर्स’ चालवले की टोकांकडून अदलाबदल होत ४, ३, २, १ मिळते. गोम अशी की, ही अदलाबदल मूळ यादीतच होते. पानावर ती यादी आणखी कुठे वापरली असेल, तर तिथेही उलटीच दिसते. पीएचपी या दुसऱ्या वेबभाषेतील आज्ञा मात्र मूळ यादीला हात न लावता नवी यादी देते. त्यामुळे तिकडून आलेला प्रोग्रामर इथे सहज फसतो.

सफारीत नेमके काय घडले?

पान रिलोड केले की सारे पहिल्यापासून सुरू व्हायला हवे. आयओएस १२ वर मात्र एकदा उलटवलेली यादी रिलोडनंतरही उलटीच राहत होती. कारण मेमरी वाचवण्याच्या युक्तीत होते. कोडमध्ये थेट लिहिलेल्या यादीची एकच प्रत ब्राउझर सगळीकडे वापरत असे; बदल करायची वेळ आली की आधी वेगळी प्रत काढायची, असा नियम होता. वाचनालयातले पुस्तक सर्वांनी वाचावे, पण खुणा करायच्या तर झेरॉक्सवर, तसेच हे. ‘रिव्हर्स’ने झेरॉक्स न काढता थेट पुस्तकावरच पेन चालवला!

ॲपलने पुढे दुरुस्ती दिली. तोवर वेब डेव्हलपरांनी एक गमतीशीर तोड वापरली : उलटवण्याआधी यादीची लांबी आहे तितकीच पुन्हा लिहायची. बदल काहीच नाही, पण ‘लिहिले’ म्हटल्यावर ब्राउझर मुकाट्याने वेगळी प्रत काढतो. वापरकर्त्याच्या हाती मात्र काहीच नव्हते.

आता काय बदलले?

जावास्क्रिप्टच्या २०२३ च्या प्रमाणित आवृत्तीत ‘टूरिव्हर्स्ड’ ही आज्ञा आली. ती मूळ यादी तशीच ठेवून उलटी प्रत देते. जुनी ‘रिव्हर्स’ही कायम आहे, तिचे वागणे बदलले तर तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे कोलमडतील. क्रोममध्ये ११०, सफारीत १६ आणि फायरफॉक्समध्ये ११५ या आवृत्तीपासून नवी आज्ञा चालते. त्याआधीच्या ब्राउझरला ती ठाऊकच नाही, तिथे स्क्रिप्ट त्या ओळीवर अडते. म्हणूनच जुने फोन वापरणाऱ्यांसाठी अनेक डेव्हलपर आजही आधी यादीची प्रत काढतात आणि मग तिच्यावर जुनीच ‘रिव्हर्स’ चालवतात.