नैराश्य आणि मेंदूचा एम.आर.आय.

मानसोपचार विभागात येणाऱ्या रुग्णांचे आप्तस्वकीय आम्हांस वारंवार विचारतात, ‘डॉक्टर, एकदा एम.आर.आय. काढून बघू या का? म्हणजे आजार खरा आहे की मनाचे खेळ, हे तरी कळेल.’ या प्रश्नामागे काळजी असते, तशी थोडी शंकाही असते.

नैराश्यात मेंदूत काहीच घडत नाही, असे मुळीच नाही. दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर हिपोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग असतो. नव्या आठवणी साठविणे हे त्याचे मुख्य कार्य. ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाला आवर घालण्यातही त्याचा वाटा असतो. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या स्त्रियांमध्ये हा भाग लहान असल्याचे अमेरिकेतील डॉ. इव्हेट शेलिन यांनी १९९६ साली दाखविले. पुढे २००३ साली त्यांना असे आढळले की, औषधांविना काढलेले नैराश्याचे दिवस जितके अधिक, तितका हा भाग लहान. औषधे चालू असतानाच्या दिवसांशी मात्र असा संबंध दिसला नाही.

मग निदानासाठी एम.आर.आय. का नको? फरक फार सूक्ष्म आहे म्हणून. ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने १,७२८ रुग्ण व ७,१९९ निरोगी व्यक्ती यांची तुलना २०१५ साली प्रसिद्ध केली. हिपोकॅम्पसमधील फरक सरासरी सव्वा टक्काच भरला, तोही मुख्यतः आजार वारंवार उलटलेल्या किंवा लहान वयात जडलेल्या रुग्णांत. दोन निरोगी माणसांच्या मेंदूंत याहून कितीतरी अधिक तफावत असते. एकट्या रुग्णाचे चित्र पाहून ‘याला नैराश्य आहे’ वा ‘नाही’ असे कोणीही तज्ज्ञ सांगू शकत नाही. उलट अहवाल ‘नॉर्मल’ आला की घरची मंडळी ‘बघ, तुला काही झालेले नाही’ म्हणतात आणि गोळ्या बंद होतात, याचीच आम्हांस अधिक धास्ती वाटते.

उतारवयात प्रथमच नैराश्य आले, किंवा जोडीला फिट, हातापायांतील अशक्तपणा, वाढता विसराळूपणा असला, तर गाठ वा पक्षाघात नाही ना, हे पाहण्यासाठी आम्ही स्वतःच एम.आर.आय. सुचवितो. एरवी थायरॉइडची साधी रक्ततपासणी अधिक उपयोगी, आणि स्वस्तही.

हितचिंतकांनी या विभागासाठीचे साहाय्य शक्यतो औषधांसाठी द्यावे, ही विनंती. गोळ्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही त्या निदान सहा महिने घ्याव्या लागतात. एका एम.आर.आय.च्या खर्चात गरजू रुग्णाची एवढ्या काळाची औषधे बहुधा भागतात.