पुन्हा एकदा अर्नाळा

जून २०२५ मध्ये भारतीय नौदलात ‘आयएनएस अर्नाळा’ ही युद्धनौका दाखल झाली. बातमी वाचून आमच्या धाकट्याने विचारलं, “मम्मी, हे आपलंच अर्नाळा का?” बोळिंजहून आगाशीमार्गे अर्नाळ्याचा किनारा हाकेच्या अंतरावर, पण समोरच्या बेटावरचा किल्ला त्याने पाहिलाच नव्हता. मी पाहिला होता, २००३ साली, अब्बा हयात असताना. माझी अम्मी लगेच म्हणाली, “थंडी पडली की मलाही न्या.”

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही निघालो. प्रत्येकाच्या मनात वेगळंच बेट होतं. मुलाच्या डोळ्यांपुढे मोबाइलवर पाहिलेलं निळंशार पाणी होतं. माझ्या मनात रिकामा किनारा, स्वच्छ वाळू आणि डब्यातला खिमा-पाव. अम्मीच्या मनात काय आहे, हे मी विचारलंच नाही.

किनाऱ्यावर सुट्टीची गर्दी होती, वाळूत प्लास्टिक. पाणी मातकट पाहून मुलाचा चेहरा उतरला. खरं तर इथे वैतरणा नदी समुद्राला मिळते आणि गाळ घेऊन येते. पाणी निळं दिसणार कसं? घरून निघण्यापूर्वी मी एवढं सांगितलं असतं, तर तो हिरमुसला नसता. पण मी स्वतःच “पूर्वी असं नव्हतं” हे पालुपद लावलं होतं. शेवटी तो वैतागला, “मग आलीस कशाला?”

बेटावर कोळी बांधवांची वस्ती आहे. एक बाई बोंबील वाळत घालत होत्या. आम्ही पूर्वी जिथे बसलो होतो, ती वाळू कुठे गेली, असं मी त्यांना विचारलं. “दर्याने नेली,” त्या म्हणाल्या. “उधाणाला पाणी घरापर्यंत येतं. तुम्ही सहलीला येता, आम्हाला इथंच राहायचंय.” मी गप्प झाले. माझी एक आठवण पुसट झाली होती. त्यांचं अंगणच झिजत होतं.

मग मात्र किल्ला नीट पाहिला. गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, १७३७ मध्ये मराठे आणि नंतर इंग्रज, इतक्यांच्या राजवटी या बेटाने पाहिल्या. दरवाजावर हत्ती आणि वाघांची शिल्पं आहेत, बाजीराव पेशव्यांच्या काळातला शिलालेख आहे. आत गोड्या पाण्याचं अष्टकोनी तळं आहे. एकाच तटाच्या आत शाहअली आणि हाजीअली यांच्या कबरी आहेत आणि त्र्यंबकेश्वराचं मंदिरही. मुलगा शिलालेखातली अक्षरं जुळवण्यात रमला. निळ्या पाण्याचं त्याला नावही आठवलं नाही.

अम्मी दरवाजापाशीच सावलीत बसली होती. गुडघ्यांमुळे तिला तटावर चढता येईना. मी म्हणाले, “अम्मी, तुला काहीच बघायला मिळालं नाही.” ती हसली. “माझं काम होडीतून उतरतानाच झालं. तेव्हा तुझ्या अब्बांनी हात धरून उतरवलं होतं, आज नातवाने.” तो क्षण माझ्या समोरच घडला होता, तक्रारींच्या नादात मला तो दिसलाच नाही.

आवडत्या ठिकाणी पुन्हा जाताना, मग ते अर्नाळा असो, लक्षद्वीप की अंदमान, आता आमच्या घरात एक रीत ठरली आहे. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्याला तिथे काय हवंय, ती एकच गोष्ट सांगायची. आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ आणि होडीची सोय विचारून घ्यायची; आम्हाला त्या दिवशी चपला हातात घेऊन पाण्यातून चालावं लागलं. पावसाळ्यात बेत करायचा नाही. वृद्धांसाठी सावलीची जागा आधी शोधायची, जोहरच्या नमाजाला वेळ राखायचा, आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणायचा. आणि “पूर्वी कसं होतं” ही गोष्ट मुलांना सांगायची जरूर, पण रात्री घरी आल्यावर, जेवताना.

परतीच्या होडीत मुलाने विचारलं, “नानी, पुन्हा यायचं?”

“इन्शाअल्लाह,” अम्मी म्हणाली, “पण हात तूच धरायचास.”