आभासी जगातली भाषाशाळा, लेखांक 4 : जमीन सगळ्यात शेवटी

सेकंड लाइफ या आभासी जगात खातं कसं उघडायचं, अवतार कसा घडवायचा, चालायचं-बसायचं कसं, हे मागच्या लेखांकात पाहिलं. आता अभ्यासक्रम आखायला बसू. दोन देशांतले दोन शिक्षक ठरवतात, की आपले विद्यार्थी या जगात भेटतील आणि एकमेकांशी बोलून भाषा शिकतील. अशा जोडीचा पहिला उत्साह हमखास बांधकामात जातो. कॅफे उभा राहतो, बाजारपेठ उभी राहते, स्टेशनात घड्याळसुद्धा लागतं. पण तिथे येऊन विद्यार्थ्यांनी बोलायचं काय, हे कोणी ठरवलेलंच नसतं. म्हणून माझा आग्रह असा, की जमीन सगळ्यात शेवटी घ्या. कोण, कोणाशी आणि कशासाठी बोलणार, ते आधी कागदावर उतरवा.

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाने हे नीट केलं होतं. 2009 ते 2011 या काळात युरोपीय आयोगाच्या मदतीने ‘निफ्लार’ नावाचा प्रकल्प तिथून चालला. त्यात स्पॅनिश शिकणाऱ्या डच विद्यार्थ्यांची गाठ स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठातल्या भावी स्पॅनिश शिक्षकांशी घालून दिली. काही जण व्हिडिओवरून बोलत, काही सेकंड लाइफमध्ये भेटत. या योजनेत मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती देवाणघेवाण. डच मुलांना खराखुरा स्पॅनिश बोलणारा सोबती मिळाला आणि व्हॅलेन्सियाच्या मुलांना शिकवण्याचा सराव. उपकार म्हणून कोणीच आलेलं नव्हतं.

तुमच्या आराखड्यातही हाच प्रश्न पहिला असू द्या : समोरच्या बाजूला यातून काय मिळणार? दोघेही एकमेकांची भाषा शिकत असतील, तर टँडेम पद्धतीप्रमाणे वेळेचे सरळ दोन भाग करा. अर्धा वेळ एक भाषा, अर्धा वेळ दुसरी. गुणांचंही आधीच ठरवा. एका विद्यापीठात या तासांना गुण आणि दुसरीकडे नुसतं प्रमाणपत्र असेल, तर परीक्षा जवळ आल्या की दुसरीकडची मुलं गळू लागतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

मग वेळापत्रक, आणि इथे घाई नको. सेकंड लाइफचं घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर चालतं. उत्रेख्त आणि व्हॅलेन्सियाची घड्याळं एकच वेळ दाखवतात, त्यामुळे त्या जोडीला ही डोकेदुखी नव्हती. पण स्पेनऐवजी चिलीतला जोडीदार घेतला, तर नेदरलँड्सशी त्याचं अंतर ऋतूप्रमाणे कधी 4 तास, कधी 5, तर कधी 6 होतं, कारण तिकडचा उन्हाळा इकडच्या हिवाळ्यात येतो. शिवाय चिलीत शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि युरोपात सप्टेंबरमध्ये. दोन्हीकडे वर्ग भरलेले आहेत, असे आठवडे कॅलेंडरात शोधावे लागतात आणि ते वाटतात त्यापेक्षा कमी निघतात. अमेरिकेतल्या मराठी शाळांना पुण्या-नाशिकच्या मुलांशी असा वर्ग जोडायचा झाला, तरी हेच. सेकंड लाइफच्या घड्याळात सकाळचे 9 म्हणजे भारतात हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. शाळकरी मुलांसाठी दोन्ही वेळा गैरसोयीच्याच. शनिवार-रविवारची सकाळ आणि समोरची आदली संध्याकाळ, यातूनच वाट काढावी लागेल.

आता खरा गाभा, म्हणजे काम. ‘आपापल्या शहराविषयी बोला’ असं सांगितलं, की पाच मिनिटांत शांतता पसरते. त्याऐवजी एकाजवळ असलेली माहिती दुसऱ्याजवळ नसेल, अशी मांडणी करा. एक नमुना देतो. आभासी फ्लॅटमध्ये एक विद्यार्थी घरमालक. भाडं किती, अनामत किती, पाहुणे चालतील का, हे फक्त त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं. दुसरा भाडेकरू. खिशात किती पैसे आहेत आणि खोलीत ऊन हवंच आहे, हे त्याच्या चिठ्ठीवर. दोघांचे अवतार खोल्याखोल्यांतून फिरतात. भाडेकरू विचारतो, “ही खिडकी कुठल्या बाजूला उघडते?” आणि मालकाला खिडकीपाशी जाऊन पाहावंच लागतं. सौदा ठरला किंवा फिसकटला तरच काम संपतं. इथे खिडकी, जिना, बाल्कनी डोळ्यांसमोर असल्यामुळे शब्द आपोआप लागतात. आभासी जगाचा फायदा आहे तो हा. नुसत्या गप्पाच मारायच्या असतील, तर साधा व्हिडिओ कॉल पुरतो आणि स्वस्तही पडतो.

आवाजाची व्यवस्था मात्र विसरू नका. 2007 मध्ये सेकंड लाइफमध्ये आवाजाची सोय आली आणि भाषाशिक्षकांना तोंडी सरावाचा रस्ता खुला झाला. पण शेजारशेजारच्या जोड्या एकाच वेळी बोलू लागल्या, की कोणाचंच धड ऐकू येत नाही. प्रत्येक जोडीला जमिनीचा वेगळा तुकडा द्यावा आणि आवाज त्या तुकड्यापुरता राखावा, किंवा खोल्या आकाशात एकमेकींपासून लांब टांगाव्यात. हेडफोन सक्तीचा असावा, कारण स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरून प्रतिध्वनी घुमत राहतो.

पैशांचं थोडक्यात. 2010 मध्ये सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडेन लॅबने जमिनीवरची शिक्षणसंस्थांची निम्म्या दराची सवलत काढून घेण्याचं जाहीर केलं आणि अनेक संस्थांचं अंदाजपत्रक कोलमडलं. सवलत परत आली ती 2013 मध्ये. म्हणूनच कामं सेकंड लाइफमधल्या एखाद्या बेटाला चिकटलेली नकोत. चिठ्ठ्या, भूमिका, सूचना आपल्याजवळ असल्या, तर तोच वर्ग ओपनसिम्युलेटरसारख्या मोफत प्रणालीवरही भरवता येतो.

पहिल्या भेटीत भाषेचं काहीच घेऊ नका. माइक तपासणं, वाट चुकलेल्याला परत आणणं, जोड्यांची ओळख, एवढ्यातच तास संपतो आणि तो तसाच संपू द्यावा. घरमालक-भाडेकरूंचं संभाषण ध्वनिमुद्रित केल्यावर त्याला गुण कशाचे द्यायचे आणि मुलांची परवानगी कशी घ्यायची, ते पुढच्या आठवड्यात.